कॉलेजच्या पोरांना आपल्या साइटचं नेट झिरो डिझाइन करू द्यावं का?

माळवदवाला_सोलापूर:

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात छोटा बिल्डर आहे, वडिलांपासूनचा धंदा, वर्षाला एखादी बिल्डिंग, फार तर दीड म्हणा. होटगी रोडच्या बाजूला प्लॉट घेतलाय, पार्किंग प्लस सात, मजल्यावर चार म्हणजे २८ फ्लॅट, सगळे टू बीएचके. प्लॅन अजून सबमिट केलेला नाही. आता झालं असं की माझ्या भाचीच्या मैत्रिणी आर्किटेक्चरला आहेत, त्या आठ-दहा जणी-जणांची टीम घेऊन ऑफिसला आल्या आणि म्हणतात काका तुमचा प्रोजेक्ट आम्हाला द्या, आम्ही त्याचं नेट झिरो डिझाइन करतो (म्हणजे वर्षभरात बिल्डिंगला लागेल तेवढं वीज-पाणी तिथल्या तिथेच तयार करायचं), सोलर डिकॅथलॉन इंडिया म्हणून स्पर्धा आहे त्यात खरा प्रोजेक्ट आणि खरा बिल्डर लागतो, तुम्ही फक्त पार्टनर म्हणून लेटरहेडवर सही करा. पैसे मागितले नाहीत. पण प्लॉटचा नकाशा, सॉइल रिपोर्ट, बजेट, आणि माझ्या आधीच्या बिल्डिंगमधल्या लोकांची लाइटबिलं मागितली. बजेट कोण देतं का ओ असं कुणाला?

आधी एकदा पोळलोय. एका कॉलेजशी (नाव नको) करार करून फोटोबिटो झाले, पेपरात बातमी आली, आणि सहा महिन्यांनी एक पीडीएफ मिळाली ज्यात माझ्या बिल्डिंगच्या भिंतीवर झाडं उगवलेली दाखवली होती. सोलापुरात. जिथे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ती झाडं काय मी बिसलेरीने जगवू?

तर प्रश्न असा की यातून बिल्डरला खरंच काही मिळतं का, की आपण नुसते त्यांच्या मार्कांसाठी? आणि नेट झिरो हे सात मजली बिल्डिंगला जमतं तरी का?

युनिटचा_हिशोब:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही जमत. निदान जाहिरातीत लिहितात तसं नाही.

तुमच्या मजल्याचा एरिया ४००० स्क्वेअर फुटाच्या वर असणार, म्हणजे गच्ची धरा ४०० चौरस मीटर. त्यातून टाक्या, लिफ्टची रूम, चालायला जागा, सावल्या काढा, अर्धी उरली तरी नशीब. एक किलोवॉट सोलरला साधारण १० चौरस मीटर लागतात, म्हणजे २० किलोवॉट बसलं. आपल्याकडे किलोवॉटमागे वर्षाला १४०० युनिट धरायला हरकत नाही, झाले २८,००० युनिट. आता खर्च बघा. २८ घरं, महिन्याला २०० युनिट (एसी वाढले की जास्त), वर्षाचे ६७,२००, वर लिफ्ट पंप जिन्याचे दिवे धरून ७७,००० च्या आसपास. म्हणजे गच्ची अख्खी काळी केली तरी एक तृतीयांशाच्या थोडं वर. बंगल्याला नेट झिरो जमतं कारण गच्ची एकाची असते, इथे एका गच्चीचे सात वाटेकरी.

पाण्याचंही तेच. सोलापूरचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, ४०० चौरस मीटरवर पडला, गळती-उडती सोडून २ लाख २४ हजार लिटर हातात आलं. ऐकायला किती मोठं वाटतं ना. १२६ माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला १७,००० लिटर. तेरा दिवसांचं पाणी. संपलं.

म्हणून पोरांना पहिल्या भेटीत हे दोन हिशोब कागदावर करायला सांगा. जे करून दाखवतील त्यांना प्लॉट द्या. जे झाडं दाखवतील त्यांना चहा द्या.

वास्तुशिकवणी:

युनिटवाले दादा, हिशोब बरोबर आहे पण तुम्ही २०० युनिट हा आकडा देवाने दिल्यासारखा धरलात, आणि सगळी गंमत तर तोच आकडा खाली आणण्यात आहे. मी आर्किटेक्चर कॉलेजला शिकवते (सोलापूरला नाही, पण मराठवाड्यात, म्हणजे ऊन सेमच). मुलांना आम्ही आधी खर्च कमी करायला लावतो आणि पॅनल सगळ्यात शेवटी.

नुसते पंखे घ्या. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आत-बाहेर. २८ घरं गुणिले चार पंखे म्हणजे ११२ पंखे, प्रत्येकी ४५ वॉट वाचले, दिवसाला दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, झाले १५,००० युनिट. तुमच्या अख्ख्या सोलरच्या निम्म्याहून जास्त, आणि त्याला ना गच्ची लागली ना महावितरणची परवानगी. बिल्डरने पंखे लावून फ्लॅट दिला तर घेणाराही खूश होतो. आणि हे अजून डिझाइनसुद्धा नाही, खरेदी आहे.

डिझाइन कुठे येतं तर पश्चिमेच्या भिंतीला. मालक, तुमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये पश्चिमेला बेडरूम आहे का ते बघा. ९९ टक्के असणार, कारण रस्ता तिकडे असेल आणि व्ह्यू म्हणून बेडरूम काढली असेल. दुपारी चारचं ऊन आडवं येतं, त्याला दीड फुटाचा छज्जा काही करू शकत नाही, भिंत संध्याकाळपर्यंत तापते आणि रात्री अकराला बरोबर पलंगाच्या डोक्याशी सोडते. मग एसी. तिथे जिना, टॉयलेट, डक्ट, ड्राय बाल्कनी असलं सरकवलं की तीच खोली पंख्यावर झोपण्यासारखी होते. सरकारच्या इको निवास संहितेत (२०१८ ची) याचाच आकडा आहे, आरईटीव्ही म्हणतात, भिंती-खिडक्यांतून सरासरी किती उष्णता आत येते ते, मर्यादा १५ वॉट प्रति चौरस मीटर. छताला वेगळी मर्यादा. हे गणित तुमचा नेहमीचा आर्किटेक्ट करत नाही कारण त्याला त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि मुलं फुकट करतात आणि सात वेळा करतात.

स्पर्धेबद्दल. ही मूळ अमेरिकेची, तिकडच्या ऊर्जा खात्याने २००२ ला सुरू केलेली. आपल्याकडची पहिली टीम तिच्या युरोपच्या आवृत्तीत गेली ती २०१४ ला, पवईची आयआयटी आणि मुंबईचंच रचना संसद आर्किटेक्चर कॉलेज मिळून टीम शून्य, व्हर्सायला जाऊन खरं घर उभं केलं होतं पोरांनी. २०२० पासून भारताची वेगळी आवृत्ती सुरू झाली, त्यात घर बांधायचं नसतं, खऱ्या डेव्हलपरच्या खऱ्या प्रोजेक्टचं डिझाइन करायचं असतं. डिकॅथलॉन म्हणून दहा निकष, वीज आणि पाणी तर आहेच पण साहित्य बनवताना हवेत जाणारा कार्बन आणि परवडणं हेही. म्हणून ते बजेट मागतायत. बजेट नसेल तर मुलं सोन्याचं घर काढतात हो, आम्ही रोज बघतो.

माळवदवाला_सोलापूर:

मॅडम पश्चिमेचं तुम्ही घरी येऊन बघितल्यासारखं सांगितलंत. २०१९ च्या बिल्डिंगला अगदी असंच आहे, मास्टर बेडरूम पश्चिमेला, आणि त्या लाइनच्या सगळ्यांनी दोन वर्षांत एसी बसवले, बाहेरच्या युनिटचं पाणी खालच्याच्या बाल्कनीत पडतं म्हणून भांडणं माझ्याकडे येतात. बजेटचं पटलं. पण तरी एक शंका, ही पोरं परीक्षा झाली की गायब होणार ना? मग साइटवर पोचणार कोण?

टीमची_माजी:

काका, त्यातली एक गायब झालेली पोरगी मीच. मी २०२२-२३ ला असल्या टीममध्ये होते, आता पुण्यात एनर्जी कन्सल्टंटकडे काम करते, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते.

हो, गायब होतो. एप्रिलनंतर आमच्यातले तिघे इंटर्नशिपला गेले, एक बंगलोरला, दोघांनी फोन उचलणं बंद केलं. आमचा पार्टनर नाशिकचा बिल्डर होता, चांगला माणूस, पण त्याने आम्हाला प्रोजेक्ट दिला तेव्हा त्याचे नऊ फ्लॅट बुक झालेले होते. आम्ही चार महिने घासून प्लॅन फिरवला, वारा कुठून येतो, जिना कुठे जावा, सगळं. फायनल प्रेझेंटेशनला तो आला, टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर चहा पिताना म्हणाला बेटा, रेरा कायद्याखाली मंजूर प्लॅन बदलायचा तर दोन तृतीयांश बुकिंगवाल्यांची संमती लागते, मी आता भिंत हलवू शकत नाही, रंग सांग कुठला लावू. शेवटी आमच्या कामातलं काय वापरलं गेलं तर गच्चीवर पांढरा चायना चिप (टाइलच्या तुकड्यांचा थर) आणि खिडक्यांचा थोडा बदल. एवढंच.

म्हणून तुमचा प्लॅन सबमिट झालेला नाही हे वाचून मला खरंच हेवा वाटला. तीच वेळ आहे. एकदा मंजुरी आली की आमच्यासारख्यांनी काहीही सांगितलं तरी ते सजावटीतच जमा होतं.

आणि लाइटबिलांना नाही म्हणू नका. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सगळ्या घरात सगळे एसी रात्री दहा ते सहा चालू असं टाकलं होतं, कारण मॅन्युअलमध्ये तसं होतं. बिलं आली तर कळलं की लोक एसी फक्त एप्रिल-मे मध्ये, तेही तासभर लावून बंद करतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतातल्या ऑफिसांत माणसांना विचारून विचारून हेच मोजलं होतं, की आपल्याला २४ डिग्रीची गरजच नसते, बाहेरच्या हवेप्रमाणे आपलं बरं-वाटणं बदलतं, आणि ते मॉडेल २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये गेलं. विद्यापीठाचं संशोधन कोडमध्ये गेलं की मगच ते साइटवर येतं, नाहीतर लायब्ररीत. पण घरांचा डेटा अजूनही कमी पडतो, आणि तो फक्त तुमच्यासारख्यांकडे असतो, कारण फ्लॅटवाले तुम्हाला ओळखतात. आम्ही दारात गेलो तर लोकांना वाटायचं मीटर कापायला आले.

लेटरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. ड्रॉइंग तुम्ही वापरू शकता. तुमचे खर्चाचे आकडे नाव काढूनच छापायचे. आणि स्पर्धेनंतर एक शिक्षक एक वर्ष तुमच्या आर्किटेक्टशी बोलायला राहील, नाव घालून. तिसरी गोष्ट कॉलेज टाळतं. तीच धरून ठेवा.

आरएमसी_प्लांट:

सगळे वीज वीज करताय म्हणून मी मध्ये पडतो. मी रेडी मिक्स काँक्रीटच्या धंद्यात आहे. ३०,००० स्क्वेअर फूट बांधकाम, अंगठ्याचा नियम फुटाला ०.४ पोतं, १२,००० पोती, ६०० टन सिमेंट. साध्या ओपीसीचं (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट) टनाला साधारण ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड धरा, ५१० टन. आता युनिटवाल्यांचे २८,००० युनिट, ग्रिडच्या युनिटमागे ०.७ किलो, वर्षाला वाचले १९-२० टन. म्हणजे सोलरने २६ वर्षं राबायचं ते फक्त सिमेंटचं पाप फेडायला, सळई आणि विटा अजून मोजल्याच नाहीत. पॅनलचं आयुष्यच २५ वर्षं.

सिमेंटचं पाप नुसतं कोळशाचं नसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चुनखडी १४५० डिग्रीला भाजली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टी सोलरवर चालवली तरी पडणार. म्हणून क्लिंकर (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) कमी करणं हाच रस्ता. आणि इथे विद्यापीठांनी खरंच काम केलंय. एलसी३ म्हणून सिमेंट आहे, अर्धंच क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी, थोडं जिप्सम. माती ८०० डिग्रीला भाजली तरी चालते. स्वित्झर्लंडची लोझानची ईपीएफएल, क्यूबाचं एक विद्यापीठ, आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटी, अशी ती जोडी जमली, पैसे स्विस सरकारचे, झाशीत त्या सिमेंटचं एक घर बांधून दाखवलं. आणि सरकारच्या बीआयएसचं स्टँडर्ड, आयएस १८१८९, आलं कधी? २०२३ ला. जवळपास दोन दशकं गेली यात, आणि अजून तुमच्या सोलापूरच्या दुकानात ते पोतं मागितलं तर दुकानदार तुमच्याकडेच बघेल.

तर मालक, आज करण्यासारखं म्हणजे पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग (पोलादाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) सिमेंट मागा, प्लास्टरला ओपीसी ५३ वापरणाऱ्या मिस्त्रीला आवरा, आणि पोरांना सांगा की कॉलमची ग्रिड अशी लावा की बीम कमी होतील. आर्किटेक्चरची आणि सिव्हिलची पोरं एका टेबलावर बसली तर हे होतं. टीममध्ये सिव्हिलचं कोणी आहे का ते विचारा आधी. नसेल तर ती टीम नुसती चित्रं काढेल.

युनिटचा_हिशोब:

आरएमसीभाऊ २६ वर्षांचा हिशोब तपासला, बरोबर आहे. पंख्यांचाही. माझे दोनशे युनिट मी मागे घेतो, दीडशे म्हणू. तरी एक टोमणा मारू द्या, सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे, पाणी उजनीचं, आणि आपण इथे २० किलोवॉटवर भांडतोय.

आरएमसी_प्लांट:

त्याच केंद्राच्या राखेच्या विटा वापरतात की तिकडे. राख तरी कामी येऊ द्या.

वास्तुशिकवणी:

मालक, अजून एक. तुमचं नावच माळवदवाला आहे म्हणून विचारते, घरी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आहे का अजून? असेल तर मुलांना ते मोजायला लावा, कारण पुस्तकात पांढऱ्या मातीच्या माळवदाचे सोलापूरचे आकडे शोधायला गेलं तर हाताला फार काही लागत नाही, आणि मुलांनी एकदा स्वतः हात लावून बघितलं की यू-व्हॅल्यू (छतातून किंवा भिंतीतून उष्णता किती पार होते त्याचं माप) म्हणजे काय ते पाठ करावं लागत नाही.

माळवदवाला_सोलापूर:

आहे की! बार्शीकडच्या गावात, आजोबांचा वाडा, भेंड्यांची (कच्च्या मातीच्या ठोकळ्यांची) भिंत, वर लाकूड आणि पांढरी माती, दरवर्षी पावसाआधी माती टाकून चोपावी लागते, नाही टाकली की गळतं. आई अजून उन्हाळ्यात तिकडेच जाते, माझ्या टॉप फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये राहत नाही. हा माझाच फ्लॅट, मीच बांधलेला, काय बोलणार.

(तीन आठवड्यांनी)

माळवदवाला_सोलापूर:

मंडळी अपडेट. टीमला बोलावलं, युनिटवाल्यांचे दोन्ही हिशोब करायला दिले, पोरींनी तिथल्या तिथे मोबाइलवर केले आणि वर मलाच विचारलं की काका ड्रेनेजचं पाणी शुद्ध करून फ्लशला वापरलं तर तेरा दिवसांचे किती होतील. टीममध्ये सिव्हिलचे दोघं आहेत.

मग गेल्या शनिवारी त्यांना वाड्यावर नेलं. ती पिस्तुलासारखी थर्मामीटर असते ना कोविडमध्ये कपाळाला लावायचे तसली, ती घेऊन आलेले. दुपारी चारला माळवद वरून ५० च्या वर, पाय ठेवता येत नव्हता, आणि आत खालून तुळयांच्या मधली माती ३३. रात्री परत सोलापूरला आलो, माझ्या फ्लॅटमध्ये साडेदहाला स्लॅबला खालून लावलं तर ४०. रात्री साडेदहाला! पंखा तीच गरम हवा खाली ढकलतोय. पोरगी म्हणाली काका हा फॅन नाही, हेअर ड्रायर आहे. बायको हसली ते मला काही आवडलं नाही, पण खरं होतं.

आता ते म्हणतायत की नवीन बिल्डिंगच्या गच्चीवर माळवद नको कारण वजन आणि दरवर्षीची माती कोण चोपणार, पण पॅनल स्लॅबपासून सात-आठ फुटांवर उंच घ्यायचे म्हणजे सावली पण आणि खाली जागा पण, आणि स्लॅबवर इन्सुलेशन. स्ट्रक्चरचा खर्च वाढतो तो आरसीसीवाला इंजिनिअर काढतोय. जिना पश्चिमेला गेला, त्यावरून माझा आर्किटेक्ट आठ दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता, आता बोलतो. कॉलेजने तिसऱ्या अटीला दोनदा नाही म्हटलं, मग एक सर तयार झाले, त्यांचं नाव घालून लेटर टाइपिंगला टाकलंय. नेट झिरो नाही होणार हे पोरांनी स्वतःच लिहिलंय रिपोर्टात, निम्म्याच्या पुढे जाऊ म्हणतायत. मला तेच बरं वाटलं.

लाइटबिलं मागितली जुन्या बिल्डिंगमध्ये. तिथेही २८ घरं आहेत, २२ जणांनी दिली, सहा जण देईनात.

टीमची_माजी:

त्या सहा जणांत टॉप फ्लोअरचे किती?

माळवदवाला_सोलापूर:

तीन. चौथा मीच आहे, माझं दिलंय.